खानदेशातल्या जुन्या मळ्याचा आणि तिथल्या घराण्यांचा इतिहास कसा लिहावा

रावेर-यावल पट्ट्यात, शहादा-तळोद्यात, चोपड्याला किंवा गिरणेकाठी ज्यांचा जुना मळा आहे, त्यांच्या घरात कुणीतरी कधीतरी म्हणतंच की आपल्या मळ्याचा इतिहास लिहून ठेवायला हवा. पण काम तिथेच अडतं. तलाठ्याकडे गेलं तर तो गट नंबर विचारतो आणि म्हातारी माणसं शेताचं नाव सांगतात. पेटीतले कागद मोडीत असतात, आणि प्रत्येक भाऊबंद वेगळी हकिकत सांगतो. सातपुड्याच्या पायथ्याच्या एका केळीच्या मळ्याची आणि त्यावर जगलेल्या घरांची नोंद मी केली आहे. त्या कामात जे समजलं ते इथे क्रमानं मांडतो आहे.

एक गोष्ट आधीच सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. मळ्यावर मालकाचं घर एक असतं. सालदार (वर्षाच्या बोलीवर राबणारे गडी), मोट हाकणारे, रखवालदार, पाणी धरणारे, निंदणीला येणाऱ्या बाया आणि केळीचे घड वाहणारे यांची घरं मात्र अनेक असतात. कागद बहुतेक त्या एका घराचेच सापडतात. फक्त सापडलेल्या कागदांवरून लिहिलं तर मळ्याचा इतिहास म्हणून मालकाची वंशावळच हाती येते. त्यामुळे बाकीच्या घरांचा शोध पहिल्या दिवसापासून घ्यायचा आहे, शेवटी वेळ उरला तर घ्यायचा नाही.

१. आधी हद्द आखून घ्या

कोणता मळा, कोणते सर्व्हे नंबर, साधारण कोणत्या काळापासून आणि कोणती घरं, हे एका पानावर लिहून काढा. ‘आमच्या घराण्याचा संपूर्ण इतिहास’ असं धरून निघालेलं काम पुरं होत नाही. ‘नाल्याकाठच्या मळ्याचा, विहीर खोदल्यापासून आजपर्यंतचा’ असं धरलं तर होतं.

त्याच पानावर घरांची यादी करा. मालकाच्या सगळ्या शाखा, सालदारांची घरं, कूळ असतील तर ती, आणि मळ्यातल्या झोपड्यांत राहून गेलेली भिल्ल, पावरा, तडवी, बारेला कुटुंबं. नाव माहीत नसेल तर ‘खळ्याजवळ राहायचे ते’ एवढंच लिहा, नाव पुढे सापडेल.

२. लागणारं साहित्य

फार काही लागत नाही. पानं फाटून निघणार नाहीत अशी शिवलेली वही, पेन्सिल (जुन्या कागदाजवळ शाईचं पेन नको), चांगला कॅमेरा असलेला फोन, आवाज मुद्रित करायची सोय, मोजपट्टी, कागद ठेवायला धुतलेलं सुती कापड. गाव नकाशाची मोठी झेरॉक्स काढून ठेवा. अर्जांसाठी कोर्ट फी स्टॅम्प आणि स्वतःच्या ओळखपत्राच्या प्रती पिशवीत असू द्या. मळा भाऊबंदांच्या सामाईक नावावर असेल तर त्यांच्यापैकी एकाचं संमतीपत्र बरोबर ठेवा, कचेरीत उपयोगी पडतं.

३. घरातले कागद

बासनात बांधलेले कागद सुटे करताना कोणता कागद कशाच्या वर होता हे आधी फोटोत टिपा. एकत्र बांधलेल्या कागदांचा एकमेकांशी संबंध असतो आणि क्रम मोडला की तो संबंधही कळेनासा होतो. कसर लागलेला कागद ताणून उलगडू नका. सेलोटेप लावू नका आणि लॅमिनेशन तर मुळीच करू नका, त्यानं कागद कायमचा जातो. दिवसाच्या उजेडात, फ्लॅश न वापरता, चारही कडा दिसतील असा फोटो घ्या. मागची बाजू कोरी दिसली तरी तिचाही घ्या. फोटोला लगेच नाव द्या: साल, गाव, कागदाचा प्रकार.

रोजमेळ, कीर्द आणि खतावणी या हिशोबाच्या वह्या सापडल्या तर सगळ्यात आधी त्याच वाचा. खरेदीखतात मालकच भेटतो. रोजमेळात मात्र सालदाराला दिलेली उचल, कुणाच्या आजारपणात दिलेले पैसे, बायांची मजुरी, लोहाराचं बलुतं हे सारं असतं. मजुरांची नावं लिहून ठेवणारं साधन बहुतेक मळ्यांत हे एवढंच असतं.

मोडीसाठी जाणता वाचक शोधा. धुळ्याचं इतिहासाचार्य वि. का. राजवाडे संशोधन मंडळ १९२७ पासून कागदपत्रांचं काम करत आलेलं आहे. चौकशीला तिथून सुरुवात करा. महत्त्वाचा कागद दोघांकडून वेगवेगळा वाचून घ्या, कारण मोडीत नावं आणि आकडे चुकायला वेळ लागत नाही. सावकाराच्या वह्या असतील तर लिपी महाजनी किंवा गुजराती असू शकते, त्यासाठी वाचकही वेगळा लागतो.

४. शिवारफेरी करा

कचेरीत जाण्याआधी मळ्यात चालून या. बरोबर तिथे आयुष्य काढलेला म्हातारा सालदार किंवा निंदणीला येणारी आजी असावी. मालकाला गट नंबर पाठ असतात. शेताचं नाव, बांधावरचं तोडलेलं झाड, बुजलेली विहीर, मोटेची जुनी धाव, पाटाचं जुनं वळण हे राबणाऱ्या माणसाला माहीत असतं. तुम्ही फक्त चालत राहा आणि त्यांनी बोट दाखवलं की थांबा. प्रत्येक जागेचं नाव त्यांच्या तोंडून येईल तसंच, अहिराणीत, लेवा बोलीत किंवा पावरीत, लिहून घ्या. फोनवर त्या ठिकाणाची खूण ठेवा आणि मग ती गाव नकाशावर चढवा.

हा नकाशा पुढे पदोपदी उपयोगी पडतो. ‘बोराटीचं वावर’ कोणत्या गटात येतं हे ठाऊक असलं की मुलाखतीतलं वाक्य आणि फेरफारातली नोंद एकमेकांशी जुळवता येतात. साक्री-पिंपळनेरकडे पांझरेच्या फडावरचा (बंधाऱ्याचं पाणी पाळीनं वाटून घेणाऱ्या शेतांच्या पट्ट्यातला) मळा असेल तर बंधारा, पाट आणि फडांची नावंही याच फेरीत घ्या. फडाच्या पाण्याची पाळी कशी ठरायची हे सांगणारी माणसं आता थोडी उरली आहेत.

५. सरकारी दप्तर, आजपासून मागे

नवखा माणूस सगळ्यात जास्त इथे गोंधळतो, म्हणून हे जरा विस्तारानं लिहितो.

आजचा सातबारा हातात घ्या. त्यावर फेरफार क्रमांक, म्हणजे जमिनीच्या हक्कातल्या बदलांच्या नोंदींचे नंबर, दिलेले असतात. त्यातला प्रत्येक फेरफार (गाव नमुना सहा) काढा. एक फेरफार आधीच्या नोंदीकडे नेतो, ती तिच्या आधीच्या. असं पायरी पायरीनं मागे जायचं. एकदम शंभर वर्षांपूर्वीचा कागद मागितला तर काहीच मिळत नाही. वारसाच्या नोंदींसाठी सहा-क ची नोंदवही वेगळी पाहा.

पहिली अडचण गट नंबरांची येते. तुकडेबंदी आणि एकत्रीकरणाचा कायदा १९४७ चा आहे, आणि ज्या गावांत त्याची योजना राबवली गेली तिथे जुने सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. योजनेचं पत्रक, ज्याला लोक नऊ-तीन नऊ-चारचा उतारा म्हणतात, मिळाल्याशिवाय दोन्हींचा मेळ बसत नाही. ते भूमी अभिलेख कार्यालयात मागा. टिपण, फाळणी नकाशा आणि गुणाकार पुस्तक हे मोजणीचे कागदही तिथेच असतात. सातबाऱ्याच्या आधीच्या काळासाठी तहसीलच्या अभिलेख कक्षात कडईपत्रक आणि हक्कनोंदीची जुनी पत्रकं विचारा. खरेदीखत, गहाणखत आणि त्यांची सूची दुय्यम निबंधकाकडे असते. काही तालुक्यांचे स्कॅन केलेले जुने कागद ‘आपले अभिलेख’ या शासकीय संकेतस्थळावर आहेत, तेव्हा हेलपाटा घालण्याआधी तिथे बघा.

दुसरी अडचण जिल्ह्या-तालुक्यांची. १९०६ मध्ये खानदेश जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले. पूर्वेचा पुढे जळगाव झाला, पश्चिमेचा धुळे, आणि धुळ्यातून १ जुलै १९९८ ला नंदुरबार निघाला. तालुकेही बदलले. आजचा रावेर-यावलचा मुलूख एकोणिसाव्या शतकात सावदा तालुक्यात होता. पिंपळनेर, विरदेल आणि नशिराबाद हेही तेव्हा तालुके होते. जुना कागद जुन्या तालुक्याच्या नावानं मागितला नाही तर ‘रेकॉर्ड नाही’ असंच उत्तर येईल. एकोणिसाव्या शतकातली मोजणीही या भागात सुखासुखी झालेली नाही. १८५२ मध्ये सावदा, फैजपूर, एरंडोल भागात रयतेनं तिला मोठा विरोध केला होता. त्या काळाच्या नोंदी वाचताना एवढी पार्श्वभूमी ठाऊक असावी.

आता सातबारा वाचायचा कसा. ‘वल्द’ किंवा ‘बिन’ म्हणजे अमक्याचा मुलगा, ‘कोम’ म्हणजे अमक्याची बायको. ‘अ.पा.क.’ म्हणजे अज्ञान पालनकर्ता, म्हणजे बाप लवकर गेला होता आणि मुलं लहान होती. ‘ए.कु.क.’ म्हणजे एकत्र कुटुंब कर्ता. हे अक्षर दिसलं की नाव एकाचं असलं तरी जमीन सगळ्या भावांची होती, म्हणून त्या एकट्याला ‘मळ्याचा मालक’ लिहू नका.

इतर हक्काचा रकाना वगळू नका. जुन्या तगाईचा, म्हणजे सरकारी शेतकर्जाचा, बोजा तिथे चढलेला असतो. विहिरीसाठी तगाई घेतली असेल तर विहीर कधीची हे त्यावरून अंदाजानं नव्हे, नोंदीनं सांगता येतं. त्याला जोडून गाव नमुना बारा, म्हणजे पिकांची नोंद, वर्षानुवर्षांची ओळीनं काढा. ‘आमच्याकडे पूर्वापार केळीच’ असं घरोघर सांगतात. पण पिकांच्या नोंदीत आधी कापूस, ज्वारी आणि भुईमूग, मग विहीर किंवा इंजिन, आणि त्यानंतर केळी असा क्रम दिसू शकतो. तसा दिसला तर तसाच लिहा. मळा कोरडवाहूचा बागाईत कसा झाला, हीच तर सांगण्यासारखी हकिकत आहे.

तीन कायद्यांच्या फायली मात्र आवर्जून शोधा.

कूळकायदा १९४८ चा, आणि १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन. त्या दिवसापासून कसणाऱ्या कुळाला मालक मानलं गेलं. कुळाला जमीन विकत मिळण्याच्या ३२-ग कलमाच्या प्रकरणात मालकाचा आणि कुळाचा, दोघांचे जबाब असतात. कोण किती वर्षं कसत होतं, खंड काय द्यायचा, हे कुळाच्या तोंडचं इतकं सविस्तर दुसरीकडे सहसा मिळत नाही.

जमीनधारणेच्या कमाल मर्यादेचा कायदा १९६१ चा, आणि ती मर्यादा २ ऑक्टोबर १९७५ पासून आणखी खाली आली. त्या विवरणपत्रांत कुटुंबातली माणसं आणि सगळी जमीन लिहिलेली असते. पण या दोन्ही वेळांच्या आगेमागे झालेल्या वाटण्या आणि बक्षीसपत्रं जपून वाचा. कागदावर चार भाऊ वेगळे झाले असतील आणि चूल एकच राहिली असेल.

तिसरा कायदा आदिवासींच्या जमिनी परत देण्याचा, १९७४ चा. शहादा-तळोदा भागात १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला अंबरसिंग महाराज आणि श्रमिक संघटनेच्या नेतृत्वाखाली जमीन आणि मजुरीसाठी मोठा लढा झाला. तुमच्या मळ्यातला एखादा तुकडा भिल्ल खातेदाराकडून आलेला असेल तर तो कसा आला, किती रुपयांत आला आणि पुढे प्रकरण चाललं का, हे सगळं लिहा. घरातल्यांना ते आवडणार नाही. पण हे वगळलेल्या इतिहासावर गावात कुणी विश्वास ठेवत नाही, आणि ठेवूही नये.

अर्ज करताना गाव, तालुका, सर्व्हे किंवा गट नंबर, कागदाचा प्रकार आणि कोणती वर्षं हे नेमकं लिहा आणि साक्षांकित नक्कल मागा. मिळाली नाही तर ‘अभिलेख उपलब्ध नाही’ हे लेखी घ्या. गरज पडली तर २००५ चा माहिती अधिकार कायदा आहेच. टाइप केलेल्या उताऱ्यावर थांबू नका, मूळ पान डोळ्यांनी बघा. नकलेत एखादा ‘वल्द’ गळला की बाप आणि मुलगा एकच माणूस होऊन बसतात.

६. ज्यांच्या नावावर जमीन नव्हती त्यांचा माग

सालदाराचं नाव सातबाऱ्यावर नसतं, म्हणून त्याची नोंदच नाही असं धरून चालू नका. ती वेगळ्या ठिकाणी शोधावी लागते.

गाव नमुना चौदा, म्हणजे कोतवाल बुक, हे जन्ममृत्यूचं रजिस्टर आहे. त्यात बाळाचं नाव बऱ्याचदा नसतं, बापाचं नाव, जात आणि तारीख असते. शाळेचं जनरल रजिस्टर बघा, त्यात पालकाचा धंदा ‘सालदारी’ किंवा ‘मजुरी’ लिहिलेला सापडतो. ग्रामपंचायतीचा नमुना आठ घरपट्टीचा, त्यावरून गावठाणातली घरं कळतात. जुन्या मतदार याद्या १९५१-५२ च्या निवडणुकीपासून पुढे शोधा. जागल्यांच्या, म्हणजे गावच्या पहारेकऱ्यांच्या, घरासाठी वतनाचे कागद बघा, कारण खानदेशात कितीतरी गावांची जागलकी भिल्लांकडे होती. सातपुड्याच्या पायथ्याच्या कुटुंबांनी २००६ च्या कायद्याखाली वनहक्क दावे केले असतील तर त्यांच्या फायलीत वृद्धांचे जबाब असतात. त्या घरानं स्वखुशीनं दाखवले तरच ते वाचायचे.

आडनावावर भिस्त ठेवू नका. एकाच भिल्ल कुटुंबातल्या एका भावाचं आडनाव शाळेत ‘भिल’ लागलेलं असतं, दुसऱ्याचं ‘सोनवणे’, तिसऱ्याचं ‘ठाकरे’. नाव, बापाचं नाव आणि वस्ती या तिन्ही गोष्टी जुळल्या तरच माणूस तोच समजा.

इंग्रजी काळाच्या छापील साधनांत खानदेशचं गॅझेटियर (बारावा खंड, १८८०) सर्वांत भरगच्च आहे. गावं, पिकं, बाजार, दुष्काळ यासाठी ते जरूर वापरा. पण भिल्लांविषयी त्यात जी विशेषणं आहेत ती राज्यकर्त्यांची आहेत. ती आपल्या वाक्यात उतरवून घेऊ नका.

७. माणसांशी बोलणं

तुम्ही वही काढली की पहिला संशय वाटणीचाच येतो. म्हणून बसल्या बसल्या सांगा, ‘आप्पा, हे हक्कासाठी नाही, कोर्टासाठी नाही, लिहून झालं की तुम्हाला आधी वाचून दाखवीन.’ आणि तसंच करा. मुद्रण करायचं तर विचारून करा. सालदाराच्या घरी जाताना मालकाच्या मुलाला बरोबर नेऊ नका. त्याच्यासमोर म्हातारा माणूस ‘मालक देवमाणूस होते’ एवढंच म्हणेल. भेट त्यांच्या ओट्यावर व्हावी, मळ्याच्या खळ्यात नको.

सन विचारू नका. खुणेची गोष्ट विचारा: फैजपूरची काँग्रेस भरली तेव्हा तुमचे वडील केवढे होते (डिसेंबर १९३६), बहात्तरच्या दुष्काळात मळ्याच्या विहिरीला पाणी होतं का, हतनूरचं धरण झालं तेव्हा (१९८२) तुम्ही सालावर होतात का. आजोबांच्या ऐकीव गोष्टींत ‘छप्पनचा दुष्काळ’ आला तर तो संवत १९५६ चा, म्हणजे १८९९-१९००. ‘मानमोडी’ म्हणजे १९१८ ची साथ. त्या वर्षीचं कोतवाल बुक मिळालं तर जरूर बघा, एखाद्या घरातली मधली पिढी अचानक का नाहीशी होते याचं उत्तर तिथे मिळू शकतं.

सालदाराचं साल आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, संपतं आणि नवं ठरतं. म्हणून ‘किती आखाज्या या मळ्यावर काढल्या’ हा प्रश्न खानदेशात सगळ्यांना समजतो. उचल किती होती, धान्य किती, कपडे-जोडे मिळायचे का, आजारी पडलं तर खाडा धरायचे का, साल अर्धवट सोडता यायचं का, हे एकेक करून विचारा. वेठबिगारीला बंदी करणारा कायदा १९७६ चा. उचल फिटेपर्यंत बापाच्या जागी मुलानं राबायचं असा प्रकार कुणी सांगितला तर त्यांच्याच शब्दांत लिहा. ना मऊ करा, ना तिखट.

बायांशी बोलायलाही आखाजी उत्तम, कारण लेकी माहेरी आलेल्या असतात. कोणती आत्या कुठे दिली, कोणत्या गावची सून आली, कोणतं मूल दगावलं, कोणत्या सुनेच्या दागिन्यावर विहीर झाली, हे त्यांना ठाऊक असतं. एकेकीशी बोला आणि दोघी-तिघी एकत्र बसल्या असतानाही बोला. एकीला आठवलं की दुसरी दुरुस्त करते. श्रावणात कानबाई या देवीच्या रोटांसाठी (नैवेद्याच्या पोळ्यांसाठी) कुळातल्या माणसांच्या नावानं धान्याच्या मुठी घेतात, तिथे कोण कोण आपल्यात धरला जातो हे कळतं. एक रोट खाणारी भाऊबंदकी कागदावरच्या वंशावळीशी ताडून बघा.

८. सन, मापं आणि पैसे

शकात ७८ मिळवा, संवतातून ५७ वजा करा, फसलीत ५९० मिळवा आणि सुहूर सनात ५९९. या सनांची वर्षं जानेवारीला सुरू होत नाहीत, त्यामुळे महिन्याप्रमाणे एका वर्षाचा फरक पडतो. व्यापाऱ्याची वही तर दिवाळीच्या पाडव्याला बदलते. कागदात तिथी आणि वार दोन्ही असतील तर जुन्या पंचांगावरून ताडून घ्या. नुसता सन असेल तर ‘१८९३-९४’ असं जोडसाल लिहा.

एकर-गुंठ्यांचा हिशोब सोपा आहे, चाळीस गुंठ्यांचा एकर. बिघा मात्र सगळीकडे सारखा नव्हता, म्हणून तो बिघाच ठेवा. ‘चार आणे हिस्सा’ म्हणजे सोळा आण्यांतले चार, चौथाई वाटा. आण्यांची रक्कम आजच्या रुपयात सांगू नका. त्याऐवजी त्याच वहीत त्या साली ज्वारीचा भाव काय लिहिला आहे तो शेजारी द्या.

९. वंशावळ जुळवताना

आजोबाचं नाव नातवाला ठेवायची रीत असल्यानं ‘रामा वल्द धोंडू’ आणि ‘धोंडू वल्द रामा’ आळीपाळीनं येत राहतात. दोन पिढ्या एकात मिसळणं ही इथली सर्वांत मोठी चूक. प्रत्येक माणसापुढे पहिली नोंद आणि शेवटची नोंद कोणत्या सालची ते लिहा. एकच ‘रामा’ नव्वद वर्षं खातेदार दिसला की समजा, तिथे दोन रामा आहेत.

हाकेचं नाव आणि कागदावरचं नाव वेगळं असतं. ज्याला सगळे नाना म्हणतात तो कागदावर दगडू किंवा उखर्डू असतो. मूल जगावं म्हणून ठेवलेली असली नावं आधीची भावंडं गेल्याची खूणही असू शकतात, पण तेवढ्यावरून तसं लिहून टाकू नका, विचारा.

लेकी कागदातून नाहीशा होतात. त्यांना परत आणायचं तर हक्कसोड पत्रं काढा. त्यात बहिणींची नावं, सासरची आडनावं आणि गावं असतात. घराण्याचे भाट किंवा वहीवंचे येत असतील तर त्यांची वही ऐका, आणि त्र्यंबकेश्वर-नाशिकच्या तीर्थोपाध्यायांकडची नामावळही बघा. ‘आपण पावागडहून आलो’ किंवा ‘गुजरातेतून आलो’ ही कथा त्यांच्याकडून मिळेल. ती ‘परंपरेनं असं सांगतात’ म्हणून लिहा. कागदानं सिद्ध झालेल्या गोष्टींच्या रांगेत तिला बसवू नका.

सालदारांच्या घरांचीही वंशावळ तेवढ्याच मोठ्या कागदावर काढा. तीन पिढ्या एकाच मळ्यावर राबलेलं घर असेल तर मालकाची पिढी आणि त्यांची पिढी शेजारी शेजारी मांडा. कोणाच्या काळात कोण होतं हे एका नजरेत दिसतं आणि दोन्ही बाजूंच्या आठवणी ताडता येतात.

१०. लिहायला बसल्यावर

प्रत्येक विधानाशेजारी समासात एक खूण करा: ‘का’ म्हणजे कागदात आहे, ‘ऐ’ म्हणजे सांगितलेलं ऐकलं, ‘अं’ म्हणजे माझा अंदाज. छापताना खुणा काढून टाकल्या तरी वाक्यातून फरक दिसला पाहिजे. ‘विहीर १९३० मध्ये खोदली’ आणि ‘विहीर आजोबांच्या तरुणपणी खोदली असं थोरल्या आत्या सांगतात’ ही दोन वेगळी वाक्यं आहेत.

दोन हकिकती जुळत नसतील तर एक निवडून दुसरी पुसू नका. दोन्ही लिहा, कोण काय सांगतं ते लिहा, आणि कागद कोणत्या बाजूला झुकतो तेही लिहा. ‘विहीर मालकानं खोदली’ असं वाक्य हातून उतरू लागलं की थांबून विचारा, पैसे कोणी दिले आणि खोदली कोणी. रोजमेळात मजुरीची नावं असतील तर ती त्याच वाक्यात आली पाहिजेत.

११. छापण्याआधी

हयात माणसांचं कर्ज, आजारपण, सोडचिठ्ठी, जातपडताळणीचे कागद यातलं काही त्यांच्या परवानगीशिवाय छापू नका. चालू दाव्यातल्या जमिनीबद्दल फक्त नोंदीत आहे तेवढंच लिहा.

कच्चा मजकूर सगळ्या घरांना वाचून दाखवा. ज्यांना वाचता येत नाही त्यांना तर आवर्जून, त्यांच्या बोलीत समजावून. दुरुस्ती सांगितली तर कोणी सांगितली ते नोंदवा. कुणी ‘माझं नाव नको’ म्हणालं तर नाव काढा, पण हकिकत ठेवू का हे वेगळं विचारा.

छापील प्रती मालकाच्या शाखांइतक्याच सालदारांच्या आणि कुळांच्या घरीही पोचवा. मुलाखतींचं मुद्रण ज्याच्या त्याच्या घरी पेनड्राइव्हवर द्या. एक प्रत गावच्या वाचनालयात, एक शाळेत आणि एक जिल्ह्याच्या ठिकाणच्या संशोधन संस्थेत ठेवा. मूळ कागद घरातच राहणार असतील तर ते कोणाच्या घरात, कोणत्या कपाटात आहेत हे पुस्तकाच्या शेवटच्या पानावर लिहा.